दोन हजार किलोमीटरचा हिशेब

समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबईपासून नागपूरपर्यंत काचेचा एकच अखंड तंतू टाकलाय असं धरून चाला. लांबी सुमारे ७०० किलोमीटर, मधे कुठलंही यंत्र नाही. चांगल्या प्रतीच्या ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबलने क्षीण होतो; दहा डेसिबल गेले की दहावा हिस्सा उरतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो गुणाकाराने वाढतो. ५० किलोमीटरवर दहांतला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, उरतो, १०० वर शंभरांतला एक, १५० वर हजारांतला एक. मुंबईच्या टोकाला सेकंदाला शंभर कोटी फोटॉन सोडले, तर नागपूरला सरासरी अठ्ठावीस तासांनी एक पोहोचेल. हाच तंतू दिल्लीपर्यंत १४०० किलोमीटर नेला, तर एका फोटॉनची वाट पाहण्यात विश्वाच्या आजवरच्या वयाच्या वीसपट काळ सरेल.

माझी उमेदीची वर्षं फायबरच्या देखभालीत गेली. फायबरमधली गळती दाखवणाऱ्या ओटीडीआर या यंत्राच्या पडद्यावरची उतरती रेघ आणि तिच्यातली प्रत्येक पायरी, म्हणजे कुठे सांधा आहे, कुठे वाक आहे, कुठे जेसीबीने केबल तोडून पुन्हा जोडलीय, हे वाचणं हेच आमचं काम. त्या नोकरीत लॉसची, म्हणजे वाटेतल्या प्रकाशगळतीची, भीती वाटायची नाही. ऐंशी-शंभर किलोमीटरवर अ‍ॅम्प्लिफायर बसवला की क्षीण झालेला प्रकाश पुन्हा ठणठणीत होतो. तुमचे फोन आणि तुमचे व्हिडिओ देशभर असेच फिरतात. आता याच तंतूंमधून क्वांटम माहिती पाठवायची चर्चा देशात सुरू आहे आणि तिच्यात किलोमीटरचे आकडे सर्रास झळकतात. ते आकडे कसे वाचायचे, हे सामान्य करदात्यालाही कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पैसा त्याचा आहे.

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी ६००३.६५ कोटी रुपये. त्यातल्या दळणवळणाच्या उद्दिष्टांत तीन गोष्टी आहेत: उपग्रहामार्फत २००० किलोमीटर अंतरावरच्या भूकेंद्रांमध्ये सुरक्षित संपर्क, शहराशहरांत २००० किलोमीटरपर्यंत क्वांटम किल्ल्यांचं (एकेका फोटॉनवरून पाठवलेल्या, संदेशाला कुलूप लावणाऱ्या गुप्त बिटांचं) वाटप, आणि क्वांटम स्मृती असलेलं अनेक ठाण्यांचं जाळं. बातम्यांत पहिल्या दोन गोष्टी येतात, कारण त्यांच्यात आकडा आहे. तिसरी शेवटच्या ओळीत जाते किंवा गळते. माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची तीच आहे. पहिल्या दोन्ही तिच्याविना अर्ध्याच राहतात.

यासाठी गोंगाटाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. गोंगाट हा शब्द मी इथे व्यापक अर्थाने वापरतोय. संदेशाला वाटेत जे जे काही होतं, तो गळतो, बिघडतो, त्यात भलतंच मिसळतं, ते सगळं यात आलं.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ साली दाखवून दिलं की गोंगाट असलेल्या वाहिनीचीही, म्हणजे संदेश नेणाऱ्या वाटेचीही, एक ठरावीक क्षमता असते. त्या मर्यादेत राहून पाठवलं, तर चूक हवी तितकी कमी करता येते. युक्ती आपल्या रोजच्या वापरातलीच आहे. फोनवर नाव नीट ऐकू येत नसेल तर आपण सांगतो, "'प' पंढरपूरचा, 'न' नागपूरचा." मूळ अक्षरासोबत जास्तीची माहिती जाते आणि समोरचा चूक दुरुस्त करून घेतो. नाहीच कळलं तर "काय म्हणालात?" असं विचारतो आणि आपण पुन्हा सांगतो. सगळं डिजिटल दळणवळण या दोन आधारांवर उभं आहे: जादा सांगणं आणि पुन्हा सांगणं.

क्वांटम माहितीला हे दोन्ही आधार नाहीत. १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक या भौतिकशास्त्रज्ञांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केलं की अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही. नक्कल नाही म्हणजे जादा प्रत नाही. पाठवलेला क्युबिट, म्हणजे क्वांटम माहितीचा बिट, वाटेत हरवला तर पुन्हा सांगायला तो पाठवणाऱ्याकडेही उरलेला नसतो. अ‍ॅम्प्लिफायर तर एका फोटॉनचे अनेक करणारं यंत्र, म्हणजे नक्कल करणारंच. तो इथे चालत नाही. दूरसंचारात आयुष्य काढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा समजतं, तेव्हा पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं. मला वाटलं होतं.

तरीही वाट निघाली. १९९५ मध्ये अमेरिकी गणितज्ञ पीटर शोर यांनी एका क्युबिटमधली माहिती नऊ क्युबिटांमध्ये पसरवून ठेवायची रीत दिली. त्या नवांपैकी कुठल्याही एकाला काहीही झालं तरी मूळ माहिती परत मिळते. यात प्रत कशाचीच होत नाही. एकट्या कुठल्याही क्युबिटमध्ये संदेश नसतो, तो सगळ्यांच्या आपसातल्या नात्यात असतो. मोजायची ती फक्त झालेली चूक, संदेशाला हात लावायचा नाही. घरात शिरून, दिवा न लावता, कुणाला न उठवता गळका नळ दुरुस्त करण्यासारखं हे काम आहे, आणि गणिताने ते शक्य ठरवलंय.

पण या शक्यतेलाही काठ आहे आणि तो फार जवळ आहे. एखादी वाहिनी निम्मे क्युबिट गाळते असं धरा. समजा इतकं गळूनही कुणी हुशारीने संदेश पूर्ण मिळवला. मग जे निम्मे गळले ते ज्याच्या हाती लागले, त्या चोराकडेही तितकाच माल आहे. तोही त्याच हुशारीने संदेश पूर्ण मिळवेल. म्हणजे एका संदेशाच्या दोन प्रती झाल्या आणि नकलेची बंदी मोडली. ती मोडता येत नाही, म्हणून निम्मी गळती झाली की एकतर्फी पाठवणीची क्षमता शून्य. कितीही चतुर संकेत रचा. आता निम्मी गळती म्हणजे ३ डेसिबल, आणि ०.२ च्या हिशेबाने ३ डेसिबल म्हणजे १५ किलोमीटर. चर्चगेटहून निघालेला तंतू वांद्र्याला पोहोचेपर्यंत ही मर्यादा गाठतो. तिथून पुढे क्वांटम माहिती सरळ ढकलत नेणं तत्त्वतःच अशक्य आहे. इतक्या थोड्या ओळींत इतका कठोर निकाल देणारी सिद्धता भौतिकशास्त्रात मी दुसरी पाहिलेली नाही.

वांद्र्याच्या पुढे जायचं तर रीत बदलावी लागते. आधी गुंतलेल्या, म्हणजे दूर असूनही ज्यांची अवस्था एकत्रच ठरते अशा, फोटॉनांच्या जोड्या दोन्ही टोकांना वाटायच्या. वाटेत जोड्या हरवल्या तर हरवू द्यायच्या, कारण त्यांच्यात अजून कुणाचाही संदेश नाही. ज्या शाबूत पोहोचल्या त्या साध्या फोनवर बोलून निवडायच्या, आणि मग १९९३ साली मांडल्या गेलेल्या टेलिपोर्टेशनच्या पद्धतीने खरी माहिती त्या जोडीच्या आधारे पलीकडे न्यायची. गळतीची किंमत आता वेळेत मोजायची, माहितीत नाही. पण नागपूरच्या अठ्ठावीस तासांचं काय? त्यावर १९९८ मध्ये ब्रीगेल, ड्युर, सिराक आणि झोलर यांनी क्वांटम रिपीटरची कल्पना मांडली. लांब वाट लहान टप्प्यांत तोडायची, प्रत्येक टप्प्यात जोडी तयार करायची, आणि शेजारच्या जोड्या एकमेकींना सांधून टोकाटोकाची जोडी मिळवायची. यासाठी एका टप्प्याची जोडी आधी तयार झाली तर दुसरी होईपर्यंत तिला जपून ठेवणारी क्वांटम स्मृती लागते. मिशनच्या तिसऱ्या उद्दिष्टातली स्मृती ती हीच. २०२४ मध्ये बॉस्टन, हेफेई आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट-हेग या ठिकाणी वेगवेगळ्या गटांनी शहरी अंतरांवर अशा स्मृती एकमेकींशी गुंतवून दाखवल्या. बॉस्टनमध्ये फायबर ३५ किलोमीटरचं होतं. २०२४ मध्ये जगाची आघाडी इथे उभी होती, हे आकडे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

मग २००० किलोमीटर कुठून येतात? किल्लीत अजून कुणाचा संदेश नसतो, म्हणून तिचे हरवलेले फोटॉन सोडून देता येतात आणि ती वांद्र्याच्या पुढेही जाते; पण इतकी लांब नाही. चीनने २०१७ मध्ये बीजिंग ते शांघाय २००० किलोमीटरची वाहिनी सुरू केली. तिच्यात ३२ विश्वासू ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यावर क्वांटम प्रवास संपतो. किल्ली साध्या बिटांच्या रूपात बाहेर येते आणि तिथून पुढच्या टप्प्यासाठी नवा क्वांटम प्रवास सुरू होतो. पेशवाईत जासूद खलिता घेऊन निघायचा. आता कल्पना करा की प्रत्येक चौकीवर लखोटा फोडून मजकूर नव्या कागदावर उतरवला जातो, नवी मोहोर लागते आणि नवा जासूद पुढे निघतो. दोन चौक्यांमधली वाट भले अभेद्य असेल. चौकीतल्या प्रत्येक कारकुनावर मात्र तुम्हाला विश्वास ठेवावाच लागतो. २००० किलोमीटरच्या अशा जाळ्याची सुरक्षितता त्या ३२ खोल्यांच्या कुलपांइतकी आणि तिथल्या माणसांइतकीच.

हे लपवलेलं गुपित नाही. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था एनएसए हिने आपल्या यंत्रणांसाठी क्वांटम किल्लीवाटपाची शिफारस केलेली नाही, आणि विश्वासू ठाण्यांमुळे वाढणारा खर्च व आतल्या माणसांकडून होणारा धोका ही कारणं उघड सांगितली आहेत. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राची भूमिकाही अशीच आहे. दोघांचा कल नव्या गणिती कुलपांकडे आहे, जी क्वांटम संगणकालाही उघडता येऊ नयेत अशा बेताने रचलेली आहेत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने अशी पहिली तीन मानकं १३ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केली. ही कुलपं आजच्या फायबरवर, आजच्या फोनमध्ये, सॉफ्टवेअर बदलून बसवता येतात. आज चोरून साठवलेला मजकूर उद्या क्वांटम संगणकाने उघडला जाईल, ही भीती खरी आहे. बँका, रुग्णालयं आणि शासकीय दप्तरं यांच्यासाठी त्या भीतीवरचा तातडीचा उपाय म्हणजे हे स्थलांतर. त्याला फीत कापायचा मुहूर्त नसतो, म्हणून ते मागे पडू नये.

याचा अर्थ मी क्वांटम दळणवळणाच्या विरोधात आहे असा कुणी लावू नये. मी त्याच्या बाजूनेच लिहितोय. विश्वासू ठाण्यांची जाळी उभारताना एकेक फोटॉन टिपणारे डिटेक्टर, लेसर, कालमापन, प्रत्यक्ष खंदकातलं फायबर हाताळायची सवय हे सगळं देशात तयार होतं, आणि ते पुढे रिपीटरलाही लागणारच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल हे १०० किलोमीटरहून जास्त अंतर आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरवर पार केलं. त्याचं महत्त्व मला शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. प्रयोगशाळेतल्या रिळावर गुंडाळलेलं फायबर आणि जमिनीतलं फायबर यांत फार फरक असतो. रस्ता रुंद करताना केबल तुटली की तुकडा घालून जोडतात, म्हणजे दोन नवे सांधे. प्रत्येक सांध्यावर थोडा प्रकाश जातो. शेजारून रेल्वे गेली की कंपनं. खांबावरची केबल वाऱ्याने हलली की आतल्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, फिरतं. त्याच तंतूतून नेहमीची वाहतूकही चालू असेल, तर तिचा विखुरलेला प्रकाश एकट्या फोटॉनाच्या वेळेवर येऊन डिटेक्टरला फसवतो. क्वांटम वाहिनीचा गोंगाट म्हणतात तो हाच, आणि तो गावोगाव वेगळा आहे.

उपग्रहाचंही तसंच. अवकाशात प्रकाश शोषला जात नाही, फक्त पसरतो, त्यामुळे लांबच्या अंतराला ती वाट फायबरपेक्षा खूपच बरी. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी गुंतलेल्या जोड्या वाटून दाखवल्या, आणि ते अस्सल काम होतं. पण ते रात्री केलं जातं, कारण सूर्यप्रकाशात एकेक फोटॉन ओळखणं कठीण, आणि ढगांतून ही वाट बंदच होते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर भूकेंद्र उभारलं तर जून ते सप्टेंबर त्याचं काय करायचं, हा प्रश्न आकाशाकडे पाहून कुणीही विचारू शकतो. २००० किलोमीटर म्हटल्यावर वर्षातल्या किती रात्री, हेही सांगायला हवं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या निवेदनात अंतरासोबत चार आकडे सक्तीने यावेत: वाटेतला एकूण लॉस किती डेसिबल, मिळालेल्या बिटांत चुकांचं प्रमाण किती, सेकंदाला प्रत्यक्ष किती बिट किल्ली मिळाली, आणि मधे किल्ली उघडी पडणारी ठाणी किती. हे चार आकडे मागितले की अंतराचा अर्थ लगेच पालटतो. २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी मधल्या विश्वासू ठाण्याशिवाय १००२ किलोमीटर फायबरवर किल्लीवाटप करून दाखवलं. विक्रम थक्क करणारा आहे. किल्लीचा वेग होता सेकंदाला ०.००३४ बिट. २५६ बिटांची एक किल्ली तयार व्हायला एकवीस तास लागतात. त्या शास्त्रज्ञांनी हा वेग शोधनिबंधात स्वतःच छापला, म्हणून त्यांच्या कामाबद्दलचा आदर वाढतो.

मागणीचा दुसरा भाग कागद-पेन्सिलवाल्यांसाठी आहे. गोंगाटाचं गणित हा या विषयाचा गाभा आहे आणि तो अजून अर्धाही उलगडलेला नाही. २००८ मध्ये ग्रॅम स्मिथ आणि जॉन यार्ड यांनी दोन अशा वाहिन्या दाखवल्या, ज्यांची प्रत्येकीची क्वांटम क्षमता शून्य आहे, पण दोघी एकत्र वापरल्या तर क्षमता शून्याहून जास्त होते. त्यातली एक वाहिनी म्हणजे आपली निम्मी गळकी, वांद्र्याच्या काठावरची! शॅननच्या जगात हे घडूच शकत नाही. दोन कोरड्या नळांना एकत्र जोडून पाणी येत नाही. क्वांटम जगात येतं, आणि त्याची पूर्ण कारणमीमांसा आजही हाती नाही. सगळ्यात साधा म्हणावा असा जो क्वांटम गोंगाट, क्युबिटला कुठल्याही दिशेने सारखंच बिघडवणारा, त्याच्या वाहिनीची नेमकी क्षमता किती याचं सूत्रदेखील कुणाला सापडलेलं नाही. इथे कोट्यवधींचं शीतकपाट लागत नाही. चांगले विद्यार्थी, त्यांना वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती आणि काही वर्षांची निश्चिंती लागते.

आणि या गणिताशी आपलं नातं जुनं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) उमेदवारी केलेले भौतिकशास्त्रज्ञ ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९६१ मध्ये मॅथ्यूज आणि जयसीता राव यांच्यासोबत एक निबंध लिहिला. बाहेरच्या जगाशी धक्के खात बदलणाऱ्या क्वांटम अवस्थेचं वर्णन कसं करायचं, हा त्याचा विषय. आज ज्याला क्वांटम वाहिनी म्हणतात, त्या कल्पनेचं एक मूळ तिथे आहे. १९७६ मध्ये गोरिनी आणि कोसाकोव्स्की यांच्यासोबत त्यांनी दिलेलं समीकरण आज जगभर गोंगाटाच्या अभ्यासात रोज वापरलं जातं. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी क्वांटम किल्लीवाटपाची पहिली पद्धत जगापुढे मांडली तीही डिसेंबर १९८४ मध्ये, बंगळूरच्या एका परिषदेत. हे मी अभिमान मिरवायला सांगत नाही. या विषयाचं बी इथे पडलं होतं, तरी चार दशकं आपण त्याला पुरेसं पाणी घातलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

महाराष्ट्रापुरतं एक ठोस सुचवतो. मिशनच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, टीआयएफआर कुलाब्यात आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. दळणवळणाचं केंद्र मद्रास आयआयटीकडे असलं तरी चाचणीची वाट इथे असायला हरकत नाही. मुंबई ते पुणे जमिनीत टाकलेला, वाहतूक नसलेला एक तंतू देशातल्या कुठल्याही गटाला वापरता येईल असा राखून ठेवावा. पावसाळ्यात घाटात दरड कोसळेल, केबल तुटेल, जोडावी लागेल. ते सगळं नोंदवावं आणि नोंदी खुल्या ठेवाव्यात. वाट १५० किलोमीटरची धरली तर गळती ३० डेसिबल, सांधे वेगळे. खोपोलीच्या आसपास, बरोबर मधे, एक ठाणं उभारावं, पण विश्वासू ठाणं नको. त्यात क्वांटम स्मृती असावी, आणि किल्ली तिथे उघडी पडू नये.

मग यश ओळखायचं कसं? २०१७ मध्ये पिरांदोला आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली एक मर्यादा आहे. मधे कुठलंही ठाणं नसेल तर हजारांतला एक फोटॉन पोहोचवणाऱ्या वाटेवरून, दोन्ही टोकांनी आपसात कितीही बोलणं केलं तरी, वाहिनीच्या एका वापरामागे सरासरी ०.००१४४ बिटांहून जास्त किल्ली मिळू शकत नाही. हजार वापरांमागे दीड बिटही नाही. खोपोलीतल्या ठाण्यातली स्मृती वापरून हा आकडा ओलांडला गेला, तर आपल्याकडे खरा रिपीटर आहे. तोवर दर महिन्याला तिथला आकडा कितीवर आला आहे, एवढंच जाहीर करत राहावं.